समीक्षाचं अर्थिंग

किशोर कडवला राग यायला कारण लागत नाही, हे कर्जतपासून चौक गावापर्यंत ज्याच्या ज्याच्या बंगल्यात पोहायचा पूल आहे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. मोटर जळली की तो मोटरवर चिडतो, फिल्टरची वाळू धुतली नसेल तर माळ्यावर चिडतो, आणि काही बिघडलेलं नसताना कुणी उगाच बोलावून घेतलं तर मग विचारूच नका. पण त्या दिवशी सकाळी कारखानीसबाईंचा फोन आला आणि या गृहस्थाला रागच आला नाही. तो घाबरला.

"किशोर, काल संध्याकाळी मी पोहून बाहेर येत होते," बाई सांगत होत्या. "एक पाय लॉनवर टाकला, हात अजून स्टीलच्या दांड्यालाच होता, आणि हाताला चांगला झटका बसला. आधी वाटलं, वयाचं काहीतरी असेल. परत हात लावला तर परत बसला. उद्या माझी नातवंडं येणारेत हो. ती एकदा पाण्यात शिरली की जेवायलासुद्धा बाहेर येत नाहीत. मी काय करू?"

"बाई, पुलाजवळ कुणाला फिरकू देऊ नका. मी निघालोच."

"आणि हे वायरिंग तुमच्या मुलीनं केलं होतं ना? आमच्या इथल्या विमलबाई म्हणत होत्या."

"छे छे! काम माझंच. ती आपली हाताखाली होती."

आता हे धडधडीत खोटं होतं. दिवाळीच्या आधी किशोरला चिकुनगुनियानं धरलं होतं. चहाचा कप हातात राहीना, तिथं पक्कड कुठली धरतो? पळसदरीला बाईंचा बंगला बांधून झाला होता, पूल कोरडा पडून होता आणि बाई मुंबईहून सारखे फोन करत होत्या. तेव्हा लेक समीक्षा बोलली, "मी करते." आयटीआय झाल्यापासून ती बापाच्या मागं मागं फिरतच होती. पंप, हीटर, टायमर, पाण्यातले दिवे, अर्थिंग, सगळं तिनं एकटीनं जोडलं. काम संपवून घरी आली तेव्हा बापाच्या खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "पप्पा, बरं वाटलं की एकदा येऊन बघा ना."

"तू केलंस ना? मग बघायचं काय त्यात?" किशोर म्हणाला होता.

हे वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं की पुढं कर्जतच्या बाजारात भेटेल त्याला तो ते ऐकवत सुटला. पोरीनं जोडलेला पूल मी बघितलासुद्धा नाय, एवढा माझा विश्वास! लोक समोर मान डोलवायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, पोरीच्या हातात करंटचं काम देतोय, एक दिवस अंगाशी येईल. तेही किशोरच्या कानावर यायचं आणि तो त्यांना चार शिव्या हासडून मोकळा व्हायचा.

आज बाइकवर बसल्यावर मात्र त्याला कुणालाच शिवी देता येईना. पाण्यात करंट उतरला की तो लहान-मोठं बघत नाही. बाईंना नुसता झटका बसला होता, पण उद्या एखाद्या पोराचं काही बरंवाईट झालं म्हणजे? आणि या भीतीच्या मागोमाग दुसरी उभी होती. किशोर स्वतः चुकला की दुसऱ्यावर ओरडून मोकळा होतो. समीक्षाचं तसं नव्हतं. ती चुकली की आतल्या आत स्वतःला खात बसायची. आपण जोडलेल्या तारेनं कुणाचा तरी जीव जाता जाता राहिला, हे तिला कळलं असतं तर त्या पोरीनं पुन्हा जन्मात टेस्टर हातात धरला नसता. म्हणून तो घरीही खरं बोलला नाही. समीक्षा खोपोलीला एका पंपाच्या कामावर गेली होती ते बरंच झालं. बायकोला त्यानं सांगितलं, कळंबला चाललोय, आणि गाडी पळसदरीच्या रस्त्याला घातली. मनात एकच होतं. चूक असेल ती गुपचूप शोधायची, दुरुस्त करायची आणि पोरीला पत्ता लागू द्यायचा नाही.

फाटक उघडलं ते विमलबाईंनी. विमलबाई बंगल्याची देखभाल करायच्या, आणि त्यांचा नवरा कोंडाजी कुंपणाच्या पलीकडं स्वतःच्या शेतात राबायचा. भात निघालं की त्याच शेतात ओलीवर वाल पेरायचा, ही तिथली जुनी रीत. आत्ता वाल शेंगांनी लगडला होता.

"आलास बाबा!" विमलबाई म्हणाल्या. "बाईंनी तर रातच्याला जेवण पण नाय केलं. समीक्षा नाय आली?"

"तिचं काय काम इथं?" किशोर खेकसला आणि पंपरूममध्ये घुसला.

नवी सून माहेरी गेल्यावर सासू तिची मांडणी तपासते ना, तसं त्यानं पॅनेल उघडलं. काहीतरी सापडणारच, ही खात्री धरूनच. पहिल्यांदा ट्रिपर बघितला. करंट गळायला लागला की मेन पाडणारा हा बेटा काल पडला का नाही? पोरीनं तो बायपास केला की काय? त्यानं टेस्टचं बटण दाबलं. खट्! ट्रिपर पडला. चांगला जिवंत होता.

मग पंप बघितला. वायरचं एकेक टोक लगची धातूची टोपी घालून दाबलेलं होतं, एकही तांब्याचा केस बाहेर डोकावत नव्हता. हीटर बघितला. पाण्याचा जोर असल्याशिवाय हीटर सुरूच होऊ नये, अशी जी जोडणी करावी लागते, ती केलेली होती. किशोरनं मुद्दाम पंप बंद केला, तर मागोमाग हीटर गप बसला. टायमर बघितला. सकाळी पंप, दुपारी हीटर, दिवेलागणीला पाण्यातले दिवे, सगळं ज्या त्या वेळेला लावलेलं होतं, आणि लाइट गेली तरी घड्याळ चालत राहावं म्हणून आत बॅटरीही घातलेली होती. पाण्यातल्या दिव्यांना बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला होता आणि तो पुलापासून लांब, भिंतीवर उंच बसवला होता. दांडा, शिडी, पंप, दिव्यांच्या चौकटी, सगळं लोखंड एकमेकांना बांधून एकाच अर्थिंगला नेलेलं होतं. त्यानं केबलीतली गळती शोधणारा मेगर काढून दिव्यांच्या केबली तपासल्या. त्यासुद्धा ठणठणीत!

आता तुम्ही म्हणाल, बापाला आनंद झाला असेल. झाला ना! पण आनंदाच्या दुप्पट भीती वाटली. चूक दिसली असती तर काढता आली असती. न दिसणाऱ्या चुकीचं करायचं काय? त्यानं मीटरचं एक टोक दांड्याला लावलं, दुसरं ओल्या लॉनमध्ये खुपसलं. आकडा हलेना. पायातले बूट काढले, एक पाय लॉनवर टाकला, जीव मुठीत धरून दांड्याला हात लावला. काही नाही. पाण्यातले दिवे हातानं लावून पुन्हा बघितलं. तरी काही नाही.

"बाई, नक्की काल झटकाच बसला ना?" त्यानं व्हरांड्यात जाऊन विचारलं.

कारखानीसबाईंनी चष्मा काढला. "किशोर, मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. मला झटका आणि भास यातला फरक कळतो. दिवे लागले आणि तेवढ्यात बसला. त्याच्या आधी तासभर मी पोहत होते, काही नव्हतं."

दिवे लागले आणि बसला. म्हणजे घोळ दिव्यांतच होता. आणि दिवे म्हणजे सगळ्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. किशोर मान खाली घालून परत पुलाकडं आला.

दिवेलागणीची वाट बघण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. विमलबाईंनी भाकरी आणि वालाची उसळ आणून दिली. एरवी या उसळीवर किशोर तुटून पडतो, पण त्या दिवशी ती तशीच राहिली. तो ताट पुढ्यात घेऊन बसला होता तेवढ्यात विमलबाई पाण्याची बादली घेऊन पंपरूमच्या मागं गेल्या आणि कुंपणालगतच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर जे नरसाळं होतं त्यात त्यांनी ती बादली सावकाश रिकामी केली.

"मावशी, हे रोज करता?"

"रोज! समीक्षानं सांगितलंय ना. खाली मीठ नि कोळसा घातलाय, त्याला ओल पायजे, बोलली. बादली चुकवायची नाय बोलली. मी नाय चुकवत. एक वेळ तुळशीला पाणी घालायचं राहील, पण ह्याला नाय."

किशोरला भरून आलं. कुठल्या बंगल्यात कोण अर्थिंगला पाणी घालतं हो? तो स्वतः शंभरदा सांगून थकला होता. पोरीनं एकदा सांगितलं आणि ही बाई देव मानून घालतेय. एवढं सगळं नीट करून एका दिव्यात माझ्या पोरीचं घोडं अडलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ताट बाजूला सारलं.

ऊन उतरलं तशी फाटकावर स्कूटी वाजली. समीक्षा होती. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढराफटक.

"तुला कोणी सांगितलं?" किशोर ओरडला.

"विमलमावशीनं फोन केला. तुमी का नाय केला?"

"मावशी!"

"अरं, मला काय माहीत लपवाछपवी हाय ते!" विमलबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

"पप्पा, काय झालंय? झटका कुठं बसला? दिवे लावल्यावर?"

"काय नाय झालं. तू घरी जा."

"मी नाय जाणार."

"समे, मी सांगतोय ना!"

"पूल माझा हाय," समीक्षा म्हणाली. ती जागची हलली नाही. बापाचाच हट्ट तो, हलणार कुठून?

मग दोघं बापलेक पुलाच्या कडेला उभे राहिले. डोंगराची सावली शेतावरून सरकत कुंपणापर्यंत आली, बंगल्यातला एकेक दिवा लागला, आणि पंपरूममध्ये टायमर टक्कन वाजला. पाणी निळंनिळं उजळलं.

किशोरनं मीटरचं टोक दांड्याला लावलं. आकडा शून्य होता. त्याचा जीव जरा खाली येतोय न येतोय तोच आकडा उसळला. पुन्हा शून्य. पुन्हा उसळला. त्यानं मीटर ठेवून दिला, अनवाणी पाय लॉनवर रोवला आणि समीक्षा "पप्पा, नको!" म्हणेपर्यंत दांड्याला हात घातला. चटक्! हात आपोआप मागं आला.

"मेन पाड!" तो ओरडला.

समीक्षा धावली. खट् करून मेन पडला, पाणी काळं झालं, पंपाची घरघर थांबली. ती परत आली ती हळूहळू चालत. खिशातला टेस्टर तिनं काढला आणि बापापुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "माझंच चुकलंय. दिव्याच्या केबलीला कुठंतरी सांधा नीट बसला नसणार. कारखानीसबाईंना काय झालं असतं म्हणजे? उद्या ती बारकी पोरं..." तिनं टेस्टर आणखी पुढं केला. "मला नाय जमणार हे काम, पप्पा. मी सोडते."

दिवसभर किशोर ज्याला भीत होता तेच समोर येऊन उभं राहिलं होतं. पोरीला जवळ घ्यावं म्हणून तो वळला आणि आधार म्हणून त्यानं दांड्याला धरलं.

चटक्!

त्यानं हात काढला. दांड्याकडं बघितलं. पंपरूमकडं बघितलं. सगळा अंधार. पुन्हा हात लावला. थांबला. चटक्!

"अगं समे!" तो किंचाळलाच. "बसला! अगं, मला झटका बसला!"

"पप्पा, तुमी बाजूला व्हा आधी!"

"अगं मेन पाडलाय ना तू?"

"पाडलाय!"

"नक्की?"

"पाडलाय वो! दिसत नाय का?"

"मग हा करंट कुणाच्या बापाचा?" किशोर टाळ्या पिटत म्हणाला. "आपला मेन बंद, आपले दिवे बंद, आपला पंप बंद, नि मला झटका बसतोय! तुझा नाय हा! तुझा नाय गं पोरी! तू पण लाव हात, लाव, लाव!"

झटका बसला म्हणून लॉनवर नाचणारा माणूस पळसदरीनं त्याआधी बघितला नव्हता. कारखानीसबाई व्हरांड्यातून "काय झालं, काय झालं" करत बाहेर आल्या. समीक्षानं चपला काढून भीत भीत दांड्याला बोट लावलं. चटक्. तिनं बोट तिथंच ठेवलं. चटक्. पुन्हा, तेवढ्याच अंतरानं, चटक्.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "ठोक्यावर येतोय. घरातला करंट असा नाय येत. हे तर..."

"झटका मशीन!" दोघं एकदमच बोलले.

डुकरं शेतात शिरू नयेत म्हणून बांधावर तार ओढतात, बॅटरीवरचं मशीन त्या तारेत क्षणाक्षणाला झटका सोडतं. माणूस मरत नाही त्यानं, डुक्कर मात्र आल्या वाटेनं पळतं. पण ते असतं शेतात. पुलाच्या दांड्यात कुठून आलं?

"विमलमावशी!" समीक्षानं हाक मारली. "काकांनी मशीन लावलंय का?"

"लावलंय की. परवापासनं. दिवस मावळला की चालू करतात. का गं?"

समीक्षा पंपरूमच्या मागं गेली. मोबाइलच्या उजेडात तिनं अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं. आत तिची जस्ताची पट्टी होती, बोल्ट होता, आणि त्या बोल्टला पाच-सहा वेढे घालून, वर पक्कडीनं पीळ देऊन, एक गंजकी बाइंडिंग तार बांधलेली होती. तार मातीखालून कुंपणाकडं गेली होती, आणि तिथून वालाच्या शेतात.

"कोंडाजी!" किशोरनं अशी हाळी दिली की पलीकडच्या आंब्यावरचे बगळे उठले.

कोंडाजी हातातली टॉर्च हलवत शेतातून आला. "काय रं, कोन मेलं?"

"मेलं नाय, पण मारायला निघालावतास! ही तार तुझी?"

"हा, माझीच की," कोंडाजी बिनघोर म्हणाला. "चांगली बांधल्ये ना?"

"कोणाला विचारून बांधलीस रं?"

"आता ह्यात विचारायचं काय? मशीनवाला बोलला, अर्थिंग चांगलं पायजे, जमिनीला ओल पायजे, तरच झटका लागेल. आमची जमीन बघ, भेगा पडल्यात. सळई ठोकली तर डुकरं तारेला पाठ खाजवून जायाची. मग ही बोलली..." त्यानं बायकोकडं हात केला.

"मी काय बोलले?"

"बोललीस ना, त्या पोरीनं केलेलं अर्थिंग लय भारी हाय, कितीबी करंट येऊ दे, पिऊन टाकतं. रोज बादलीभर पानी घालतंस. मग मी बोललो, बाईंचा पितंय, तर आमचा पन पील थोडा. त्याला काय जड हाय?"

समीक्षाच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. किशोरला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग किशोरचंही हसू सुटलं. त्याला खरं तर कोंडाजीवर चिडायचं होतं, तयारीही झाली होती, पण राग काही केल्या येईना. जीव भांड्यात पडला की माणसाला राग यायला जागाच उरत नाही.

समीक्षानं डोळे पुसले आणि कोंडाजीला नीट समजावून सांगितलं. अर्थिंग करंट पीत नाही, काका, जमिनीत सोडतं. तुमच्या तारेला गवत लागलंय, त्यातनं जो गळतो तो माघारी मशीनकडं यायला वाट शोधतो, आणि तुम्ही त्याला वाट दिलीत ती बाईंच्या दांड्यातनं. कोंडाजीनं ऐकून घेतलं, कान खाजवला आणि एकच विचारलं, "मग माझ्या वालाचं काय?"

"तुमचा वेगळा खड्डा मी करून देते. लांब, ओहोळाच्या अंगाला. तिथं आपोआप ओल असते. मीठ-कोळसा घालून, ह्याच्यासारखाच."

"ह्याच्यासारखाच ना? मंग हरकत नाय," कोंडाजी म्हणाला आणि स्वतःच्या हातानं वेढे सोडवून तार गुंडाळून घेऊन गेला.

मेन लावला. पाणी पुन्हा उजळलं. किशोरनं दांडा धरला, समीक्षानं धरला, कारखानीसबाईंनी चप्पल काढून, लॉनवर पाय ठेवून, दोन्ही हातांनी धरला. पंप घरघरत होता. झटक्याचं नाव नव्हतं.

"काय सुटले मी!" बाई खाली बसत म्हणाल्या. "मी पोरांना येऊच नका म्हणून कळवणार होते. आणि किशोर, मला माफ करा. मी उगाच तुमच्या कामावर संशय घेतला. इतकं पक्कं काम केलंत तुम्ही!"

किशोरनं समीक्षाकडं बोट केलं.

"बाई, सकाळी मी तुमच्याशी खोटं बोललो. ह्यातलं एक टोक मी जोडलेलं नाय. मी तेव्हा खाटेवर पडलो होतो. काम सगळं हिचं."

"मग तसं का सांगितलंत?"

उत्तर समीक्षानं दिलं.

"कारण पप्पांना वाटलं, माझं चुकलं असणार."

बाईंना एकाएकी आठवलं की नातवंडांना फोन करायचा राहिलाय. त्या आत निघून गेल्या.

"तसं नाय गं," किशोर म्हणाला.

"मग कसं?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "तसंच," तो शेवटी म्हणाला. "सकाळपासनं तसंच वाटत होतं. लय भीती वाटली मला."

"मला पण वाटलं," समीक्षा म्हणाली. "खोपोलीवरून इथं येईस्तोवर कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले मी, तुमाला सांगून उपयोग नाय. त्याचं मला काय वाईट नाय वाटलं. पण दिवाळीत तुमी बघायला आला नाय ना, ते लागलं होतं."

"अगं, पण तो माझा विश्वास होता!"

"तो बाजारात सांगायला, पप्पा. मला कुणीतरी बघून सांगायला पायजे होतं की हे बरोबर हाय. झोपायला गेले की डोळ्यासमोर यायचं, तो बोल्ट घट्ट केला की नाय, तो सांधा बसला की नाय. कुणाला विचारणार होते मी?"

जे वाक्य किशोर गावभर मिरवत होता, त्याच्यापायी पोरगी एवढे दिवस एकटी घाबरत बसली होती. आणि हा शहाणा बाजारात कौतुक करून घेत होता.

"आज बघितलं," तो म्हणाला. "एकेक टोक बघितलं. तुला खरं सांगतो, चूक काढायचीच म्हणून बघितलं. नाय सापडली. एवढं नीट माझ्या हातनं पण होत नाय, समे. मी घाई करतो. तू नाय केलीस."

समीक्षा पुलाच्या कडेला बसली आणि आता मात्र खरंच रडली. किशोर तिच्या शेजारी बसला. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. मग ठेवला.

"यापुढं तुझं प्रत्येक काम मी येऊन बघणार," तो म्हणाला. "शिव्या घालत बघणार, पण बघणार."

समीक्षानं बाहीला नाक पुसलं. "आणि तुमचं कोण बघणार?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

"तू बघ," किशोर म्हणाला. "मी पण घाबरतो."